हिट गाण्यानंतर काय वाजवायचं?

ऑर्केस्ट्रात साऊंड सांभाळणाऱ्याला एक गोष्ट लवकर समजते. पब्लिक खुर्च्यांवर चढून नाचलं, त्या गाण्याची काळजी नसते. काळजी असते त्याच्या पुढच्या गाण्याची. अशा वेळी मालक दोनपैकी एक काहीतरी करतो. तसंच दुसरं गाणं घेतो, जरा चढ्या पट्टीत. नाहीतर मिमिक्रीवाल्याला पुढे ढकलतो आणि गायकांना पाणी प्यायला पाठवतो. लायटी उतरवून, कुणी फर्माईश केलेली नाही असं काहीतरी शांतपणे गायची हिंमत मी स्टेजवर फारशी पाहिलेली नाही.

रेकॉर्डवर मात्र पाहिली आहे. अमेरिकी रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा अल्बम 'डार्कनेस ऑन द एज ऑफ टाऊन', कोलंबिया कंपनी, २ जून १९७८. दहा गाणी, सुमारे ४३ मिनिटं. या अल्बमबद्दल लिहायचं कधीपासून डोक्यात होतं. पण सीझनमध्ये वेळ मिळत नाही आणि पावसाळ्यात आळस येतो. आज दोन्ही नाही, म्हणून बसलोय.

आधी त्याच्या मागचं हिट गाणं. ऑगस्ट १९७५ मध्ये स्प्रिंगस्टीनचा 'बॉर्न टू रन' आला. त्याआधीचे दोन अल्बम, दोन्ही १९७३ चे, समीक्षकांना आवडले होते आणि दुकानात पडून राहिले होते. तिसराही आपटला तर कंपनी नारळ देणार, हे त्याला माहीत होतं. म्हणून असेल नसेल ते सगळं त्यात ओतलं. एकट्या शीर्षकगीताला सहा महिने लागले. गिटारीवर गिटारी, पियानो, ऑर्गन, सॅक्सोफोन, ग्लॉकनस्पीलची किणकिण. निर्माता फिल स्पेक्टरच्या जुन्या रेकॉर्डींसारखी आवाजाची भिंतच्या भिंत. आणि ते चाललं. चाललं म्हणजे किती, तर ऑक्टोबरच्या एकाच आठवड्यात 'टाइम' आणि 'न्यूजवीक' या दोन्ही साप्ताहिकांच्या मुखपृष्ठावर न्यू जर्सीचा हा २६ वर्षांचा दाढीवाला. नोव्हेंबरात लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये पहिला कार्यक्रम होता. तिथे गेला तर थिएटरभर त्याच्याच नावाचा उदोउदो करणारी पोस्टरं. त्याने ती स्वतःच्या हाताने फाडली.

आता धंद्याचं गणित सांगतं की वर्षभरात असाच दुसरा अल्बम यायला हवा. लोखंड तापलेलं आहे. तो यायला तीन वर्षं लागली, आणि आला तेव्हा मागच्यासारखा अजिबात नव्हता.

माझ्याकडे हा अल्बम आला तो आमच्या ड्रमरकडून. मूळचे म्हापशाचे, सगळे त्यांना अंकल म्हणायचे. रात्री हिंदी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा वाजवायचे आणि टेम्पोत परत येताना वॉकमन कानाला. मी तेव्हा वायरी गुंडाळणारा पोऱ्या होतो. माझ्या लेखी स्प्रिंगस्टीन म्हणजे 'बॉर्न इन द यू.एस.ए.' ची कॅसेट आणि त्यावरची ती निळी जीन्स. अंकल म्हणाले, "तें सोड रे, हें ऐक," आणि एक भरलेली टीडीके कॅसेट हातात ठेवली. ३० सप्टेंबर १९८८ ला दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवर अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या जागतिक दौऱ्याचा कार्यक्रम झाला होता. स्प्रिंगस्टीन, स्टिंग, पीटर गॅब्रिएल, ट्रेसी चॅपमन, युसू एनदूर असे सगळे एका स्टेजवर. अंकल सांगायचे की ते तेव्हा रेल्वेने दिल्लीला गेले होते. खरं-खोटं म्हापशाचा बोडगेश्वर जाणे. पण स्प्रिंगस्टीनच्या बँडचा ड्रमर मॅक्स वाइनबर्ग काठ्या कशा धरतो हे ते ज्या तपशिलात करून दाखवायचे, त्यावरून मी तरी विश्वास ठेवला.

कॅसेट लावली आणि पहिली प्रतिक्रिया साऊंडवाल्याची होती: अरे, याचा आवाज इतका बंद का?

त्यावर येतोच. आधी ती तीन वर्षं.

माइक अ‍ॅपेल हा स्प्रिंगस्टीनचा मॅनेजर. १९७२ मध्ये कोलंबियाच्या जॉन हॅमंडसमोर या अनोळखी पोराला उभं केलं ते त्यानेच, नुसत्या हट्टाने. पण त्याच काळात त्याने पोराकडून जे करार करून घेतले, त्यांत मॅनेजर तोच, निर्माता तोच आणि गाण्यांचं प्रकाशनही त्याच्याच कंपनीकडे. स्प्रिंगस्टीनने ते नीट न वाचता सही केले. आपल्याकडच्या कलाकारांना यात नवल वाटणार नाही. 'बॉर्न टू रन' करताना जॉन लँडाऊ हा समीक्षक निर्माता म्हणून सोबत आला होता, आणि पुढचा अल्बम त्याच्याबरोबरच करायचा असं स्प्रिंगस्टीनने ठरवलं. अ‍ॅपेल नाही म्हणाला. जुलै १९७६ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टाने मनाई हुकूम दिला: लँडाऊला घेऊन स्टुडिओत जायचं नाही. तडजोड झाली थेट मे १९७७ च्या अखेरीला. म्हणजे ज्या वर्षात तापलेल्या लोखंडावर घाव घालायचा, ते जवळजवळ अख्खं वर्ष रेकॉर्डिंग बंद. बँडचे पगार काढायला गावोगाव कार्यक्रम करायचे आणि उरलेल्या वेळात लिहायचं.

मला वाटतं हा अल्बम त्या बंदीने घडवला. स्टुडिओ मिळाला असता तर कदाचित 'बॉर्न टू रन' चा धाकटा भाऊ निघाला असता. स्टुडिओ नव्हता म्हणून तो होल्मडेलच्या भाड्याच्या शेतघरात बसून वहीत लिहीत राहिला. या काळात तो हँक विल्यम्सची जुनी कंट्री गाणी ऐकत होता, जॉन फोर्डचे सिनेमे पाहत होता. इंग्लंडातून पंक येऊन धडकलं होतं, त्याच्या रेकॉर्डी मागवत होता. कंट्रीत मोठी माणसं असतात, लग्न झालेली, कर्ज काढलेली. रॉकमध्ये तोवर बहुतेक पोरंच होती आणि त्यांना गावातून पळून जायचं होतं. 'बॉर्न टू रन' मधलेही सगळे पळायच्याच तयारीत आहेत. 'डार्कनेस' मधले लोक पळालेले नाहीत. ते तिथेच आहेत, सकाळी कामावर जातात.

१ जून १९७७ ला न्यू यॉर्कच्या अटलांटिक स्टुडिओत काम सुरू झालं, मग ते रेकॉर्ड प्लांट स्टुडिओत गेलं आणि पुढचं वर्ष उजाडेपर्यंत चाललं. गाणी किती? साठ-सत्तर तरी लिहिली होती. त्यातली दहा ठेवली. आणि काढून टाकलेली गाणी फालतू होती म्हणून काढली असं समजू नका. एक गायिका पॅटी स्मिथला दिलं, 'बिकॉज द नाइट'. इंजिनीयर जिमी आयोव्हिन त्याच काळात तिच्या 'ईस्टर' अल्बमचा निर्माता होता. स्प्रिंगस्टीनकडे हे गाणं अर्धवट पडलंय हे त्याने पाहिलं आणि टेप तिच्याकडे पोचवली. ती एका रात्री फोनची वाट पाहत बसली होती, त्या बसण्यात तिने कडवी लिहून काढली. अमेरिकेत गाणं १३ व्या क्रमांकापर्यंत गेलं, इंग्लंडात ५ व्या. दुसरं गाणं 'फायर', मनात एल्विस प्रेस्लीचा गळा ठेवून लिहिलेलं; पुढे पॉइंटर सिस्टर्सनी गायलं आणि अमेरिकेत २ ऱ्या क्रमांकावर नेलं. खुद्द या अल्बममधून निघालेलं पहिलं सिंगल, 'प्रूव्ह इट ऑल नाइट', ३३ व्या क्रमांकावर अडकलं.

म्हणजे बघा. खिशात दोन हमखास हिट आहेत. कंपनी तीन वर्षं वाट बघतेय. आणि हा माणूस ती गाणी वाटून टाकतो, कारण अल्बमच्या स्वभावात बसत नाहीत. आमच्या लाइनीत असं कुणी केलं तर घरचे डॉक्टरकडे नेतील.

'द प्रॉमिस' चं तर मला अजून समजत नाही. मैफलीत तो हे गाणं १९७६ पासून गात होता, चाहत्यांना पाठ होतं. लोकांनी त्याचा अर्थ कोर्टाच्या भानगडीशी जोडला होता, त्यालाही ते स्वतःच्या फार जवळचं वाटलं असावं. म्हणून गाणं अल्बमच्या बाहेर. २०१० मध्ये या काळाचा मोठा बॉक्स निघाला, त्यात काढून टाकलेल्या वीसेक गाण्यांच्या दोन सीडी, थॉम झिम्नीचा माहितीपट आणि स्प्रिंगस्टीनच्या त्या स्पायरल वहीची हुबेहूब प्रत. वही बघण्यासारखी आहे. एका गाण्याची ओळ खोडून दुसऱ्यात, दुसऱ्याचं कडवं तिसऱ्यात, गाण्यांच्या याद्या, त्यावर पुन्हा काट. मोटारींचे सुटे भाग काढून दुसरीला लावणारं गॅरेज असतं ना, तसं चाललेलं.

आता आवाज. माहितीपटातला माझा सगळ्यात आवडता भाग म्हणजे ड्रमचा. वाइनबर्ग स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमवर मारतो आणि कंट्रोल रूममधून स्प्रिंगस्टीन ओरडतो, "स्टिक!" म्हणजे मला ड्रम ऐकू येत नाहीये, काठी ऐकू येतेय. परत मारतो. परत "स्टिक!" असे आठवडे गेले. बँडमधल्या लोकांना वेड लागायची पाळी आली. बघणाऱ्याला हसू येतं, मला नाही आलं. मंडळांच्या स्टेजवर स्नेअरवर रुमाल टाकणे, चिकटपट्टी लावणे, अगदीच नाही जमलं तर ड्रमरचं पैशाचं पाकीट कातड्यावर ठेवणे, हे सगळे उद्योग मी केलेत. डोक्यात जो आवाज असतो तो हवेत नसतो, आणि हवेत जो असतो तो माइकमधून येत नाही. वर सत्तरीच्या दशकातले स्टुडिओ म्हणजे गालिचे आणि फोम लावून मारून टाकलेल्या खोल्या. तिथे ड्रम घुमणार कुठून?

शेवटी त्याला हवा तसा ड्रम मिळालाच नाही, असं माझं मत. 'बॉर्न इन द यू.एस.ए.' च्या ड्रमशी लावून बघा. तिथे स्नेअर तोफेसारखा आहे. इथे सगळं कोरडं, दाटीवाटीचं, घुसमटलेलं. बँड एका खोलीत बसून एकत्र वाजवतोय, वर थर चढवलेले नाहीत. क्लॅरन्स क्लेमन्सचा सॅक्सोफोन, जो मागच्या अल्बमचा निम्मा चेहरा होता, तो इथे फार तर तीन गाण्यांत पुढे येतो. त्या जागी स्प्रिंगस्टीनची स्वतःची गिटार आहे आणि ती गोड नाही. पण ऐकत राहिलं की कळतं, या गाण्यांना हाच आवाज हवा होता. या लोकांकडे मोकळी जागाच नाहीये. त्यांना घुमणारा हॉल देऊन चाललं नसतं.

मिक्सिंगही अडलं होतं. मग लँडाऊने लॉस एंजेलिसहून चक प्लॉटकिनला बोलावलं. 'अ‍ॅडम रेझ्ड अ केन' कसं वाजायला हवं हे स्प्रिंगस्टीनने त्याला डेसिबलमध्ये नाही सांगितलं. त्याने सांगितलं की सिनेमात एक जोडपं छान सहलीला बसलंय, खाणंपिणं चाललंय, आणि कॅमेरा अचानक एका प्रेतावर जातो. हे गाणं म्हणजे ते प्रेत. प्लॉटकिनला बरोबर समजलं. अल्बममध्ये 'बॅडलँड्स' संपून हे गाणं ज्या पद्धतीने अंगावर येतं ते ऐका, माझं म्हणणं पटेल. साऊंडवाल्याला सूचना द्यायची तर अशी द्यावी. आमच्याकडे "थोडा बेस वाढवा दादा" च्या पुढे गाडी जात नाही.

'अ‍ॅडम' हे बापलेकाचं गाणं आहे, आणि तिथून 'फॅक्टरी' कडे जावंच लागतं.

डग्लस स्प्रिंगस्टीन, म्हणजे ब्रूसचे वडील, फ्रीहोल्ड गावात राहायचे. गालिच्यांच्या गिरणीत काम केलं, बस चालवली, तुरुंगात पहारेकरी होते. मधेमधे बेकार. रात्री स्वयंपाकघरात दिवा न लावता सिगारेट ओढत बसायचे आणि पोराला त्या अंधारातून ओलांडून जावं लागायचं. मुलगा १९ वर्षांचा असताना आईवडील कॅलिफोर्नियाला निघून गेले, तो न्यू जर्सीतच राहिला. त्या वडिलांवरचं हे गाणं फक्त सव्वादोन मिनिटांचं आहे. सकाळचा भोंगा, अंथरुणातून उठणारा बाप, जेवणाचा डबा, गेट. दुसऱ्या कडव्यात कारखाना त्याचं ऐकणं काढून घेतो आणि त्याला जगणं देतो. संपलं. कुठेही हुंदका नाही, कुठेही लाल झेंडा नाही.

गंमत म्हणजे या चालीवर आधी वेगळंच गाणं होतं. ऑगस्ट १९७७ मध्ये, रेकॉर्डिंग चालू असतानाच, एल्विस प्रेस्ली गेला. त्या बातमीचा उल्लेख असलेलं 'कम ऑन, लेट्स गो टुनाइट' याच चालीत आहे, २०१० च्या बॉक्समध्ये ऐकायला मिळतं. त्याने एल्विसला बाहेर काढलं आणि बापाला आत आणलं. सगळा अल्बमच असा बनला आहे.

आमचे अण्णा भोसरीला एमआयडीसीत एका प्रेस शॉपमध्ये होते. तिन्ही पाळ्या. पॉवर प्रेस दिवसभर पत्र्यावर आदळायचा आणि कानात घालायला कापसाचा बोळा. रिटायर व्हायच्या आधीच त्यांना डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येईनासं झालं. घरात टीव्हीचा आवाज असा असायचा की शेजाऱ्यांना बातम्या फुकट. मी साऊंडच्या धंद्यात पडलो तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला होता: "कानाला काय लावतोस?" तोवर मी काहीच लावत नव्हतो. तेव्हापासून स्टेजच्या बाजूला उभं राहायचं तर इअरप्लग लावतो, पोरंही हसून आता लावायला लागली.

एकदा त्यांच्या उजव्या बाजूला बसून 'फॅक्टरी' लावलं आणि काय चाललंय ते सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "पाळीला जाणाऱ्या माणसावर गाणं? विकत कोण घेतं हे?" मी म्हटलं, अण्णा, तिकडे लाखोंनी खपलं. त्यावर ते म्हणाले, "मग त्याला बोनस मिळाला असेल," आणि चहा मागितला. या अल्बमवर मी पुष्कळ वाचलंय, पण यापेक्षा नेमकं कुणी बोललेलं आठवत नाही.

'रेसिंग इन द स्ट्रीट' वर लोक प्रबंध लिहितात, मी थोडक्यात आटोपतो. जवळजवळ सात मिनिटं, रॉय बिटनचा पियानो, मागे डॅनी फेडेरिसीचा ऑर्गन. सुरुवातीला मोटारीचं वर्णन: ६९ सालची शेव्ही, ३९६ चं इंजिन, त्यावर कुठले हेड्स, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग. गाड्यांची जाण असलेले लोक सांगतात की ते हेड्स त्या इंजिनाला बसतच नाहीत, ते लहान इंजिनाचे. असू दे. माणूस रात्री शर्यती लावून पैसे जिंकतो, एक मुलगी जिंकतो, आणि तीन वर्षांनी तीच मुलगी वडिलांच्या घराच्या पडवीत बसलेली, डोळ्यांभोवती सुरकुत्या. शब्द संपल्यावर बँड दोनेक मिनिटं नुसता वाजवत राहतो, कुणीही सोलो घेत नाही. कॅसेटची पहिली बाजू इथे संपायची आणि टेप खट्कन थांबायचा. स्ट्रीमिंगवर लगेच 'द प्रॉमिस्ड लँड' चा माउथ ऑर्गन सुरू होतो, ते मला अजूनही घाईचं वाटतं. मधे उठून बाजू पलटायला लागायची, तेवढा वेळ या गाण्याला हवा.

तक्रारी आहेत. 'स्ट्रीट्स ऑफ फायर' मला आजही पटत नाही. गळा फाटेपर्यंत ओरडलंय पण गाण्यात ऐवज कमी. त्या जागी 'द प्रॉमिस' असतं तर? दुसरी तक्रार माझी नाही, बायकोची. तिने एकदा प्रवासात अख्खा अल्बम ऐकून घेतला आणि म्हणाली, "या सगळ्या गाण्यांत बाई एकतर गाडीत बसलेली असते, नाहीतर पडवीत. बोलत कधीच नाही." मी 'कँडीज रूम' चं नाव घेतलं. "ती खोलीत बसलेली आहे," असं उत्तर आलं. यावर माझ्याकडे काही नव्हतं. एक मात्र खरं, त्या वर्षी त्याचं एक गाणं पॅटी स्मिथच्या हातात गेलं, तिने त्यात स्वतःचं लिहिलं, आणि ते अल्बममधल्या सिंगलपेक्षा जास्त गाजलं.

'कँडीज रूम' ऐकायचं ते वाइनबर्गसाठी. पावणेतीन मिनिटं, सुरुवातीपासून हाय-हॅटवर (पायाने उघडझाप करायच्या झांजा) ती बारीक सलग थरथर, वर जवळजवळ कुजबुज, आणि मग स्नेअर फुटतो. अंकल हे गाणं टेम्पोच्या पत्र्यावर बोटांनी वाजवायचे. "चोवीस तास स्टिक स्टिक करून सतावला त्याला," ते म्हणायचे, "हो घे आता." माहितीपट यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. त्यांनी ती कुठे वाचली होती कोण जाणे.

कव्हरही पाहून घ्या. फ्रँक स्टेफान्को हा दक्षिण न्यू जर्सीचा माणूस, मांसाच्या कारखान्यात काम करायचा आणि फोटो काढायचा. पॅटी स्मिथने ओळख करून दिली. स्टुडिओ नाही, मेकअप नाही. हॅडनफील्डमधल्या त्याच्या घरात, फुलाफुलांच्या जुन्या वॉलपेपरसमोर स्प्रिंगस्टीन उभा आहे. पांढरा बनियनवजा टी-शर्ट, दाढी गायब, हात जॅकेटच्या खिशात, रात्रपाळी करून आल्यासारखा. नाव टाइपरायटरच्या अक्षरांत. 'बॉर्न टू रन' च्या कव्हरवर तो हसत क्लॅरन्सच्या खांद्यावर टेकला होता. इथे एकटा.

अल्बम अमेरिकेत ५ व्या क्रमांकापर्यंत गेला. मागचा ३ ऱ्यापर्यंत गेला होता. कंपनीच्या दृष्टीने पाहिलं तर उतरणच. पण तोवर तो रस्त्यावर निघाला होता: २३ मे १९७८ ला बफेलो, आणि शेवट क्लीव्हलंडला, १९७९ च्या पहिल्या रात्री. शंभराहून जास्त कार्यक्रम, एकेक तीन तासांचा. त्यातले पाच रेडिओवरून थेट प्रक्षेपित झाले, लोकांनी घरोघरी टेप केले आणि त्या टेपांच्या टेपा जगभर फिरल्या. क्लीव्हलंडच्या अगोरातला ९ ऑगस्टचा आणि न्यू जर्सीत पसेइकच्या कॅपिटॉल थिएटरमधला १९ सप्टेंबरचा, हे दोन्ही आता अधिकृतपणे विकत मिळतात. मी पसेइकवाला. ड्रम शेवटी तिथे सापडलाय, स्टुडिओतल्या गालिच्यांपासून लांब.

त्यातलं 'प्रूव्ह इट ऑल नाइट' ऐका. अल्बममध्ये ते चार मिनिटांत उरकतं आणि ठीकठाक आहे. पसेइकला आधी बिटनचा पियानो एकटाच सुरू होतो, मग त्यावर स्प्रिंगस्टीनची गिटार चढते, चढतच राहते, आणि गाण्याचा पहिला शब्द यायच्या आधीच पब्लिकचं काम झालेलं असतं. हेच स्टुडिओत का नाही वाजवलं, असं मी अंकलना विचारलं होतं. ते म्हणाले, वाजवलं असतं तर त्याने तेंही काढून टाकलं असतं.